जमिनीच्या बातमीतला मधला काळ

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागातला आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न वर्तमानपत्रात बहुधा दोनच वेळी येतो: मोर्चा निघाला तर, नाहीतर मंत्री वनपट्टे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मान्य करणारी प्रमाणपत्रे, वाटायला आले तर. दावा कोणत्या कचेरीत पडून आहे, मोजणी झाली की नाही, आदेश हाती असूनही ताबा का मिळाला नाही, याची बातमी होत नाही. आणि जमीन सुधारणेचे खरे यशापयश तर याच मधल्या काळात ठरते. खानदेशातली दैनिके वर्षानुवर्षे वाचताना ही उणीव मला फार खटकत आली आहे.

मार्च २०१८ मधल्या नाशिक ते मुंबई या किसान लाँग मार्चचे वृत्तांकन आठवून पाहावे. सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्यांच्या रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे पहिल्या पानावर झळकली, दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून मोर्चा रात्रीच आझाद मैदानाकडे निघाला याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु चालणाऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची कळीची मागणी होती, ही बाब अनेक बातम्यांत कर्जमाफीखाली दबून गेली. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आश्वासन सरकारने दिले. ती मुदत उलटून गेल्याचे बहुतेक वाचकांना कळले, ते नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या हाकेवर आदिवासी पुन्हा ठाण्याहून मुंबईला पायी गेले तेव्हा.

पट्टेवाटपाच्या बातमीचा साचा तर तोंडपाठ झाला आहे. मथळ्यात लाभार्थ्यांचा आकडा, त्याखाली व्यासपीठाचे छायाचित्र, मध्यभागी हारतुरे घातलेले पाहुणे आणि कडेला प्रमाणपत्र छातीशी धरून उभे असलेले दोन-तीन पुरुष. वास्तविक २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासींच्या ताब्यात असलेली वनजमीन, चार हेक्टरांच्या मर्यादेत, त्यांचा हक्क म्हणून मान्य करतो. ऐतिहासिक अन्यायाची कबुली त्याच्या उद्देशिकेतच आहे. ज्याचा हक्क इतक्या उशिराने मान्य झाला, त्याला योजनेचा लाभ मिळाला असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते. विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असावा असे कायदा सांगतो, तरी त्या छायाचित्रात बाई क्वचित दिसते आणि मजकुरात तिचे नाव त्याहूनही क्वचित. शिवाय प्रमाणपत्रांची संख्या छापली जाते, क्षेत्र छापले जात नाही. तीन एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा पट्टा पडला तरी मथळ्यातल्या आकड्यात तो पूर्ण एकच धरला जातो.

ज्यांचे दावे प्रलंबित आहेत त्यांना तर सर्रास अतिक्रमणधारक म्हटले जाते. पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत अशा व्यक्तीला जमिनीवरून हटवता येत नाही, असे याच कायद्याचे कलम ४(५) सांगते. दावे फेटाळले गेलेल्यांना काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात आदेशाची चर्चा भरपूर झाली. पण आपल्या तालुक्यातले दावे कोणत्या कारणाने फेटाळले गेले आणि दावेदाराला तसे लेखी कळवले होते का, हे तपासणारी बातमी माझ्या वाचनात आली नाही.

खानदेशात ही गोष्ट वनजमिनीपुरती नाही. सपाटीवरच्या भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्जापोटी, खावटीच्या (पोटापुरत्या धान्याच्या उसनवारीच्या) बदल्यात, कधी नुसत्या अंगठ्यावर हातच्या गेल्या आणि कालचे मालक दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राबू लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि पुढे शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेने हा प्रश्न शहाद्यात उभा केला. त्यानंतर आलेल्या जमीन परत करण्याच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकांना परत देण्याची तरतूद केली. यातली पहिली तारीख कूळकायद्यातला कृषक दिन आहे, म्हणजे कुळांना मालक मानले गेले तो दिवस. आज अशा जमिनीवरून वाद पेटला की बातमी दोन गटांतल्या हाणामारीपासून सुरू होते आणि परस्परविरोधी गुन्हे दाखल झाल्याच्या ओळीवर संपते. फेरफार कोणत्या साली झाला, जमीन परत देण्याचा आदेश कधी निघाला होता का, हे महसूल दप्तरात सापडण्यासारखे असते. ते पाहिल्याशिवाय लिहिलेल्या बातमीत कसणारा आणि बळकावणारा सारखेच भांडखोर ठरतात.

तालुका वार्ताहराची अडचण मी जाणतो. मानधन तुटपुंजे, जाहिराती आणण्याचा भार त्याच्यावरच, आणि जाहिराती देणारे बहुधा गावातले बडे बागायतदार व पुढारी. म्हणून माझे मागणे जिल्हा आवृत्तीच्या संपादकांकडे आहे. वाटपाच्या कार्यक्रमाला वर्ष झाले की छायाचित्रातल्या त्याच कुटुंबांकडे वार्ताहर पाठवावा. पट्ट्याला मोजणीचा नकाशा जोडला आहे का, सातबाऱ्यावर नोंद चढली का, बँक पीककर्ज देते का, हे त्याने विचारावे, आणि निदान एकदा तरी हे प्रश्न घरातल्या बाईला विचारावेत. फेटाळलेल्या दाव्यांसाठी, वनहक्काच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मागवून घ्यावीत आणि त्यांत नोंदवलेली कारणे गाववार छापावीत.