चौथा प्रयत्न, दोन यार्ड

रविवार, रात्री

जेवणानंतर २००६ चा रोझ बोल, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, पुन्हा लावला. सगळा नाही, शेवटची सात मिनिटं, तीही पुन्हापुन्हा मागे नेऊन. ऑस्टिनमध्ये राहणाऱ्याला या सामन्याचा शेवट तोंडपाठ असतो: इथल्या टेक्सस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (पास टाकून डाव चालवणारा) विन्स यंग उजव्या कोपऱ्याकडे धावतो, मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये शिरतो, आणि त्याच्या अंगाला कुणाचा हातही लागत नाही. मला मात्र त्याच्या दोन मिनिटं आधीचा डाव अस्वस्थ करतो.

४ जानेवारी २००६, पसाडेना. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ३८, टेक्सस ३३. चेंडू यूएससीकडे, टेक्ससच्या ४५ यार्डांच्या रेषेवर. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात; हा चौथा, आणि अजून दोन यार्ड हवे होते. ते मिळाले की सामना जवळजवळ खिशात. नाही मिळाले तर तिथूनच चेंडू टेक्ससच्या हाती. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक पंट करतात, म्हणजे लाथेने चेंडू लांब उडवून समोरच्याला मागे रेटतात. यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी तसं केलं नाही. धिप्पाड रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) लेनडेल व्हाइटकडे चेंडू गेला. टेक्ससच्या मायकल हफ आणि त्याच्या साथीदारांनी त्याला एक यार्ड अलीकडे आडवा केला.

या एका यार्डावरून कॅरल यांना आजवर बोल लावले जातात. मला ते पटत नाही. व्हाइटने त्या रात्री १२४ यार्ड काढले होते, तीन टचडाउन केले होते, म्हणजे तीनदा चेंडू एंड झोनमध्ये नेला होता. दोन यार्डांसाठी याहून भरवशाचा गडी कुठून आणायचा? आणि पंट करून चेंडू देणार कुणाला, तर विन्स यंगला! त्या रात्री त्याचे धावून २०० यार्ड आणि पास टाकून २६७. ६ मिनिटं ४२ सेकंद उरलेली असताना टेक्सस ३८-२६ असं मागे होतं. तिथून यंगने संघाला पुढे नेत स्वतः १७ यार्ड धावून टचडाउन केला. यूएससीच्या बचावाकडे त्याच्यावर उपाय उरलेला नव्हता. कॅरल यांनी ते ओळखलं आणि चेंडू आपल्याकडेच ठेवायचा प्रयत्न केला. तो फसला म्हणून चुकीचा ठरत नाही.

यूएससी तेव्हा सलग ३४ सामने जिंकून आलेला संघ होता. क्वार्टरबॅक मॅट लायनार्ट २००४ चा हाइजमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, रनिंग बॅक रेजी बुश २००५ चा. एका संघात दोन हाइजमन! २००५ च्या मतदानात यंग दुसरा आला होता. सामन्याआधी यूएससीची तुलना इतिहासातल्या थोर संघांशी चालली होती, आणि टेक्ससही सलग १९ जिंकून आलाय याकडे फार लक्ष दिलं जात नव्हतं.

शेवटच्या मोहिमेत टेक्ससला ५६ यार्ड कापायचे होते. वाटेत तिसऱ्या प्रयत्नाला १२ यार्ड हवे होते, पास सातच यार्डांचा गेला. पण यूएससीच्या खेळाडूने हेल्मेटची जाळी धरली आणि दंडाच्या पाच यार्डांनी हिशेब पुरा झाला. मग आठ यार्डांच्या रेषेवर चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते. यंगने नजर टाकली, कुणी मोकळं दिसेना, तसा तो स्वतःच निघाला. १९ सेकंद बाकी. त्यानंतरचे जादा दोन गुणही त्याचेच. ४१-३८.

एक गोष्ट पंचांच्या नजरेतून सुटली, आणि टेक्ससवर जीव असूनही मी ती लपवणार नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये यंगने सेल्विन यंगकडे चेंडू फेकला तेव्हा त्याचा गुडघा जमिनीला टेकला होता. त्यावर टचडाउन मिळाला. डाव तिथेच थांबायला हवा होता.

कॅरल यांचं नाव पुन्हा असंच चर्चेत आलं ते २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात. सिअ‍ॅटल एंड झोनपासून एक यार्डावर, मार्शॉन लिंचसारखा दांडगा रनिंग बॅक संघात, आणि कॅरल यांच्या संघाने पास टाकला. प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो पकडला. आधी दांडग्या गड्याला चेंडू दिला म्हणून टीका, नऊ वर्षांनी दिला नाही म्हणून.

तरी त्या चौथ्या प्रयत्नातली एक गोष्ट मला कितीही पाहिली तरी उमगत नाही. रेजी बुश त्या वेळी मैदानाबाहेर उभा होता. चेंडू व्हाइटलाच द्यायचा, ठीक. पण बुश नुसता बाजूला उभा असता तरी टेक्ससच्या एखाद-दोन खेळाडूंना त्याच्यावर डोळा ठेवावा लागला असता. व्हाइट कमी पडला तो एकाच यार्डाने. पंट न करण्याचा निर्णय मी आजही उचलून धरेन. बुशला बाहेर ठेवणं मात्र नाही.