गॅस संपलाच नव्हता

‘फ्रिजात खालचं सगळं नासतंय, आणि वर बर्फ मात्र दगडासारखा,’ काकू फोनवर एवढंच म्हणाल्या आणि माझा निम्मा अंदाज तिथेच बांधून झाला. मिरजेतलं घर, ऐन मे महिना. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकनं दार उघडून हात घातला, ‘गॅस संपलाय’ म्हणाला आणि चार्जिंगचे साडेतीन हजार सांगून गेला.

या वाक्यावर आमच्या धंद्यातल्या कित्येकांचा उन्हाळा निघतो. गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, चालवला म्हणून संपायला. बंद पाइपात तोच तो फिरत असतो. गळती झाली तर कमी होतो, पण मग फ्रीझरही ढेपाळतो. इथे वरचा बर्फ कडक होता.

हत्यारांची पेटी उघडायच्या आधी मी विचारलं, ‘मध्यंतरी फ्रिज बंद ठेवला होता का?’

‘हो की. लग्नाला कोल्हापूरला गेलो तेव्हा दार उघडं ठेवून दोन दिवस बंद केला होता. आल्यावर आठवडाभर झकास चालला, मग परत तेच!’

गळालेला गॅस दोन दिवस आराम करून परत येत नाही. वितळतो तो बर्फ. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असते आणि पंखा तिथली हवा डक्टमधून खाली ढकलतो. कॉइलवर दव गोठत राहतं, म्हणून टायमर साधारण आठ-दहा तासांनी कॉम्प्रेसर थांबवून हीटर लावतो. हीटर लागला नाही तर कॉइल बर्फानं बुजते आणि हवेची वाटच बंद होते.

खाली थर्मामीटर ठेवला तर १७ अंश. फ्रीझर रिकामा करायला घेतला, तर मटाराच्या पिशवीशेजारी इन्सुलिनची पेनं! खाली गार होईना म्हणून काकूंनीच वर हलवलेली. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की वापरायचं नसतं, एवढं मला घरच्या दुखण्यामुळे ठाऊक होतं. ‘काकू, ही आता घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा आणि नवी आणून शेजारच्यांच्या फ्रिजात ठेवा,’ म्हटलं. फ्रिजचं राहू दे, तेव्हा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

टायमरची खाच स्क्रूड्रायव्हरनं ‘टक्’ होईपर्यंत फिरवली. कॉम्प्रेसर थांबला, पण क्लॅम्प मीटरवर हीटरचा करंट शून्य. प्लग काढून मागचा पत्रा सोडवला, तर कॉइल दिसेचना, नुसती पांढरी लादी. इथे सुरी किंवा टोचा चालवायचा नाही, कॉइल फुटली की मग खरोखरच गॅस जातो. कोमट पाणी सोडत सोडत बर्फ काढला.

हीटर शाबूत होता, थर्मल फ्यूज उडालेला. नुसता फ्यूज बदलून निघता आलं असतं. पण फ्यूज उगाच उडत नाही. शेजारचा बायमेटल हातात घेतला. गारठ्यात जोडलेला राहायचा आणि गरम झाला की तुटायचा, एवढंच त्याचं काम. त्या उकाड्यात पुसून, बराच वेळ तळहातावर धरला तरी मीटर ‘बीप’ करतच राहिला. प्लॅस्टिकची टोपी फुगून तडकली होती, आत पाणी गेलेलं. तो तुटत नव्हता म्हणून हीटर जास्त वेळ तापला आणि फ्यूज गेला. दोन्ही बदलले, फ्रिज चालू करून कॉइल चांगली गार होऊ दिली आणि मग टायमर पुन्हा फिरवला. हीटरनं करंट घेतला.

बिल आधीच्या आकड्याच्या पावभरही झालं नाही. तेवढ्यात आतून काका आले. ‘आलाच आहात तर थोडा गॅसपण टाकून द्या, कटकट नको.’ मी त्यांना मागचं स्टिकर वाचायला लावलं: आर ६००ए, ५२ ग्रॅम. ‘काका, हा गॅस पेट घेणारा. आणि भरायचा तर आधी सील केलेला पाइप कापावा लागेल.’

‘मग राहू दे,’ काका म्हणाले. ‘पण स्टॅबिलायझर तरी बघून जा.’