अक्का म्हणाली, मी येणार नाही

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या पोरांच्या वहीत एक तक्ता दिसायला लागतो. डावीकडे इज, उजवीकडे वॉज. डावीकडे विल, उजवीकडे वुड. नाउचं देन, टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, अगोचं बिफोर, हिअरचं देअर. फळ्यावरून उतरवून घेतलेला, भोवती लाल पेनानं चौकट. पोरं तो पाढ्यासारखा धडाधड म्हणून दाखवतात. मग एक साधं वाक्य समोर टाकून ‘इनडायरेक्ट करा’, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं अवतरण चिन्हं काढून आपल्या तोंडानं सांगा, असं म्हटलं की चारातली तीन उत्तरं चुकतात.

तक्त्यात चूक काहीच नाही. माझं भांडण एवढंच की तो आधी शिकवतात. कोण बोललं, कुणाशी बोललं, कधी आणि कुठं, आणि आता ते कोण कुणाला सांगतंय, हे आधी विचारलं तर निम्मा तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही. आणि न विचारता पाठ केला तर तो कुठं लावायचा हे कळत नाही.

मी सोलापुरात पूर्व भागात राहते. घराच्या पुढच्या खोलीत क्लास घेते. शेजारी टॉवेलचे माग चालू असतात, त्यामुळे इनडायरेक्ट स्पीचसुद्धा ओरडूनच शिकवावं लागतं. येणारी पोरं मराठी माध्यमाची, पण घरी सगळी मराठी बोलतात असं नाही. बऱ्याच जणांच्या घरात तेलुगू, आई विड्या वळता वळता तेलुगूतच हाका मारणार. काही कन्नडवाली. काहींच्या घरी दखनी. मराठी शाळेत आणि रस्त्यावर. इंग्रजी ही त्यांच्यासाठी कागदावर तिसरी भाषा असेल, प्रत्यक्षात चौथी.

मागे एकदा क्लास भरल्यावर दारात एक छोटी पोरगी येऊन उभी राहिली. चौथी-पाचवीतली असेल. म्हणाली, “मॅडम, अक्का म्हणाली मी येणार नाही.” आणि पळाली.

योगायोगानं त्या दिवशी हाच धडा होता. मी वर्गाला विचारलं, यातली ‘मी’ कोण?

“अक्का की ओ मॅडम! आणखी कोण?” सगळे हसले.

पण बोलत तर छोटी होती. ‘मी’ तिच्या तोंडून आलं होतं. तरी एकालाही शंका आली नाही. ते का, हे कुणाला सांगता येईना. मग मी म्हटलं, तिनं ‘अक्का म्हणाली ती येणार नाही’ असं सांगितलं असतं तर? थोडा वेळ शांतता. मग एक जण म्हणाला, “मग आम्ही विचारलो असतो, ती म्हणजे कोण?” बरोबर. मराठीत तिथं ‘ती’ म्हटलं की दुसरीच कुणी मुलगी डोळ्यांपुढे येते. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्या तोंडानं बोलतो. त्याचा ‘मी’ तसाच, त्याचा काळ तसाच, मागे फक्त ‘असं म्हणाली’ किंवा ‘म्हणून सांगितलं’ जोडलं की झालं.

मग घरात कसं सांगता ते विचारलं. तेलुगूवाल्यांनी बोलणं तसंच ठेवून मागे ‘अनि’ लावलं. कन्नडवाल्यांनी ‘अंत’ लावलं. दखनीवाला म्हणाला, “नै आती बोलके बोली.” तो ‘बोलके’ म्हणजे आपल्या ‘म्हणून’चा सख्खा भाऊच. चार भाषांत मिळून कुणीही काळ मागे ढकलला नव्हता. ही पोरं दिवसभर निरोप पोचवतात, कारखान्यातला घरी, घरातला दुकानात, आणि तेही दोन-दोन भाषांतून. निरोप सांगायला कमी पडणारी ही पोरं नाहीत. त्यांना अडचण आहे ती फक्त इंग्रजीच्या रीतीची.

इंग्रजीत सांगणारा आपली जागा सोडत नाही. ती छोटी इंग्रजीत सांगती तर म्हणाली असती, ‘शी सेड दॅट शी वॉज नॉट कमिंग.’ आय जाऊन शी आलं, कारण सांगणारी वेगळी. ॲम जाऊन वॉज आलं, कारण अक्काचं बोलणं घरी होऊन गेलं आणि छोटी ते नंतर, माझ्या दारात उभी राहून सांगतेय. क्रियापद एक पायरी मागे जातं ते यामुळे. प्रेझेंटचं पास्ट होतं, पास्टचं हॅड लावून पास्ट परफेक्ट होतं, विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट. ‘सेज’ असेल तर काहीच मागे जात नाही, कारण बोलणं अजून चालूच आहे.

यावर दरवर्षी कुणीतरी हुशार पोर विचारतंच: “पण मॅडम, ती आत्तासुद्धा येणार नाहीच की. मग वॉज कशाला?” हा प्रश्न विचारणारं पोर मला फार आवडतं. खरं उत्तर असं आहे की गोष्ट अजूनही खरी असेल तर इंग्रज माणूस दारात उभा राहून ‘शी सेड शी इज नॉट कमिंग’ असंही म्हणेल आणि त्याला कुणी चूक म्हणणार नाही. शाळेत आपण यातला एक तुकडा तेवढा शिकवतो: पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून तिथं गोजचं वेन्ट करू नका. जणू पृथ्वी आणि सूर्य सोडून जगात दुसरं काही टिकाऊ नाही. ‘शी सेड शी लिव्ह्ज इन सोलापूर’ हेही चालतं, कारण ती अजून इथंच राहते. पेपरात मात्र लिव्ह्ड लिहा. तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरांत लिव्ह्ड असेल तर आपण कशाला वाद घाला?

सर्वनामाची चूक मात्र नुसती मार्कांची नाही. ‘शी सेड दॅट आय ॲम नॉट कमिंग’ हे पोरांचं आवडतं उत्तर. अक्काचा ‘मी’ जसाच्या तसा आला आणि पुढे दॅट चिकटला. इंग्रजी कान त्याचा अर्थ लावतो की येणार नाही ती सांगणारी. पुण्यात एका ऑफिसात फोनवर बसणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं अशाच एका सहकाऱ्याचं वाक्य सांगितलं: ‘सर सेड दॅट आय विल कॉल यू.’ पलीकडचा माणूस साहेबांच्या फोनची वाट बघायची सोडून याच्या फोनची वाट बघत राहिला. म्हणून मी पोरांना सांगते, दॅट लिहिलात की त्या क्षणापासून तोंड तुमचं. अवतरण चिन्हं गेली म्हणजे अक्का गेली.

वेळेच्या आणि जागेच्या शब्दांतसुद्धा हेच. ‘ही सेड, आय विल कम हिअर टुमॉरो.’ तक्ता म्हणतो, देअर आणि द नेक्स्ट डे. पण हेच मी याच खोलीत, आजच संध्याकाळी कुणाला सांगत असेन तर? जागा तीच, उद्याही तोच. मग ‘ही सेड ही वुड कम हिअर टुमॉरो’ हेच बरोबर. मी हे बोलणं पुढच्या आठवड्यात बाजारात उभी राहून सांगितलं तर देअर आणि द नेक्स्ट डे हवं. प्रश्नपत्रिकेत एक सुटं वाक्य असतं. ते कोण, कुठं, केव्हा सांगतंय हे कुणी लिहीत नाही. म्हणून परीक्षेपुरतं गृहीत धरायचं की आपण दूर आणि उशिरा सांगतोय. हे गृहीतक आहे हे निदान पोरांना सांगा तरी!

सरावासाठी मी पेपरातल्या बातम्या वापरते. सोलापूरकरांना सगळ्यात जवळची बातमी पाण्याची. ‘लवकरच शहराला रोज पाणी मिळेल, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.’ मराठीत ते ‘मिळेल’ तसंच राहतं. कात्रण पिवळं पडलं तरी मिळेल ते मिळेलच. इंग्रजीत करायला दिलं की ‘दे सेड दॅट द सिटी वुड सून गेट वॉटर एव्हरी डे.’ त्या वुडमध्ये बातमीदार जरा बाजूला सरकतो: ते असं म्हणाले होते बुवा, पुढचं त्यांना विचारा. मराठीत हे बाजूला सरकणं काळाकडे नसून ‘म्हणे’कडे आहे. ‘रोज पाणी येणार म्हणे’ असं आजीनं म्हटलं की तिचा त्यावर किती विश्वास आहे ते सगळ्या गल्लीला समजतं. पोरांना वुड नेमकं इथं कळतं, तक्त्यात कळत नाही.

आज्ञेच्या वाक्यांना मी वेळ घालवत नाही. ‘बसायला सांगितलं’ म्हणजे टोल्ड मी टू सिट. ‘-आयला’ तिथं टू. शब्दाला शब्द जुळतो. नकार असला तर नॉट हा टूच्या आधी ठेवायचा आणि डोन्ट पार काढून टाकायचा, बस्स. विनंती असेल तर रिक्वेस्टेड, दटावणी असेल तर वॉर्न्ड. सेड टूचं टोल्ड होतं आणि टोल्डनंतर माणूस लागतोच. ‘ही टोल्ड दॅट’ हे लंगडं.

प्रश्नांना मात्र पुरता तास लागतो. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ याचं पोरं करतात ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग.’ तो दॅट आला आपल्या ‘विचारलं की’ मधल्या ‘की’मुळे. आणि वॉज आधी राहिला, कारण मराठीत प्रश्न आत गेला तरी त्याची घडी बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहतच नाही. कर्ता पुढे येतो, क्रियापद मागे जातं, प्रश्नचिन्ह जातं: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’ हो-नाहीचा प्रश्न असेल तर आत शिरताना इफ किंवा व्हेदर घेऊन शिरतो. आपला ‘का’ वाक्याच्या टोकाला उभा असतो, त्यांचा इफ दारातच. यातली चूक दहावीनंतरही जात नाही. चांगल्या पगारावरची माणसं बिनदिक्कत ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ म्हणतात.

आणि ते ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’! हुर्रे म्हणालं की एक्सक्लेम्ड विथ जॉय, अलास म्हणालं की एक्सक्लेम्ड विथ सॉरो. जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आमच्याकडे मॅच जिंकल्यावर पोरं जे ओरडतात ते इनडायरेक्ट करायचं म्हटलं तर बोर्डाला नवीन क्रियापदं काढावी लागतील. तरी पाठ करून घेते, कारण आलं तर सरळ मार्क. गंमत म्हणजे तिकडची तरुण मंडळी आता बोलताना ‘शी वॉज लाइक, आय ॲम नॉट कमिंग’ असं सर्रास म्हणतात. ‘मी’ तसाच, काळ तसाच. आमच्या छोटीचीच पद्धत. पेपरात लिहू नका.

राहिलं मस्ट, कारण त्यावर प्रत्येक गाइडात वेगळं सांगतात. जावंच लागणार असेल तर हॅड टू करा: ‘आय मस्ट गो नाउ’चं ‘ही सेड दॅट ही हॅड टू गो देन.’ अंदाज असेल तर हात लावू नका: ‘शी मस्ट बी ॲट होम’मधला मस्ट इनडायरेक्टमध्येही मस्टच राहतो. या आठवड्याच्या सरावाला कुठलीही पाच वाक्यं घ्या, आणि प्रत्येक वाक्याशेजारी मराठीत लिहा की ते कोण, कुणाला, कुठं उभं राहून सांगतंय. ते लिहिल्याशिवाय मी वही तपासणार नाही.