तुम्ही विचारलंत म्हणून: दहा ओळींसाठी एवढा हट्ट का?

‘लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये, दहा ओळी बदलल्या, तर त्यासाठी वेगळी पॅच फाइल, म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची नोंद, कशाला? वर कारणही लिहायचं?’ टीममध्ये नवीन येणारा प्रत्येक जण मला हे विचारतो.

कारण मी ते केलं नव्हतं.

एका पतसंस्थेच्या पावत्यांचं काम होतं. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते, दिसते मात्र आधी. आमच्या पीडीएफ लायब्ररीला हे कळत नव्हतं, ‘किरण’चं ‘करिण’ व्हायचं. मी लायब्ररीचा कोड आमच्या रेपोत, म्हणजे आमच्या कोडच्या साठ्यात आणला, वेलांटी जागेवर बसवली आणि कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, नाव दिलं ‘फिक्स’.

दोन वर्षांनी त्या लायब्ररीत सुरक्षेची चूक निघाली. सहकाऱ्याने नवी आवृत्ती त्याच फोल्डरवर टाकली, माझा बदल पुसला गेला. बरोबरच केलं त्याने. टेस्ट पास झाल्या, कारण टेस्टमधली सगळी नावं इंग्रजीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेतून फोन आला, ‘मॅडम, एक आजी पावती घेत नाहीयेत. म्हणतात, हे माझ्या नातवाचं नाव नाही, माझे पैसे कुणाच्या खात्यात टाकलेत?’

मीटिंगमध्ये सगळे सहकाऱ्याला बोलत होते. काय झालंय ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी मी दुपारपर्यंत गप्प बसले.

बदल मूळ लेखकांना का पाठवला नाही? वेळ नव्हता, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. खरं म्हणजे तो कोड परक्यांना दाखवायची लाज वाटत होती.

म्हणून आता पॅच-पॅकेज: लायब्ररी इन्स्टॉल झाली की आमच्या पॅच फाइल तिच्यावर आपोआप लावणारं साधन. नव्या आवृत्तीवर पॅच बसली नाही, तर ते चूक दाखवतं, निदान कळतं तरी. पण इन्स्टॉलच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद ठेवल्या, तर पॅच लागतच नाही, हेही मला माहीत आहे. आणि डेबियन या लिनक्स प्रणालीवाल्यांचं काय? २००६ मध्ये त्यांनी व्हॅलग्रिंड या चुका शोधणाऱ्या साधनाच्या तक्रारीवरून ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतला कोड पॅच करून काढला. त्यानंतर गुप्त डिजिटल किल्ल्या बनवताना प्रोसेस आयडीखेरीज (चालू प्रोग्रामच्या क्रमांकाखेरीज) यादृच्छिक असं काही उरलंच नाही, एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ पर्याय. उघड्या कोडमध्ये होतं हे, तरी चूक कळायला मे २००८ उजाडला. त्यामुळे पॅच फाइलने सगळं सुटतं, असं मी म्हणणार नाही. फोर्क करणाऱ्यांशी, म्हणजे लायब्ररीची स्वतःची वेगळी प्रत ठेवणाऱ्यांशीही, आता पूर्वीसारखी भांडत नाही.

कारण मात्र लिहाच. आणि टेस्टमधलं ‘किरण’ हे नाव कुणी काढू नका.