आमची वाटचाल : टक्केवारी नेमकी कशावर?

2016 साली नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीलगत दोन टेबले मावतील एवढ्या गाळ्यात आम्ही व्यापारी थकबाकी वसुलीचे काम सुरू केले, तेव्हा आमचे दरपत्रक एका ओळीचे होते : जेवढे वसूल होईल त्याच्या 20 टक्के, वसूल न झाल्यास काही नाही. सातपूर-अंबडच्या लहान कारखानदारांना हे ऐकायला बरे वाटे आणि आम्हालाही त्यात काही वावगे दिसत नव्हते.

2018 मध्ये अंबडच्या एका कारखानदारांचे काम आले. सुट्या भागांचे मूळ बिल 2 लाखांचे, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून येणे 2,36,000 रुपये. सहा महिने हेलपाटे घालून आम्ही पूर्ण रक्कम मिळवून दिली आणि 47,200 रुपये कमिशन लावले. ते गृहस्थ रागावले नाहीत. जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडून त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. जीएसटीचे 36,000 रुपये त्यांनी, पार्टीकडून एक रुपयाही आलेला नसताना, बिल काढल्यानंतरच्या महिन्यातच भरून टाकले होते. आमच्या कमिशनवरील करही त्यांना आधी खिशातूनच द्यायचा होता, पण त्याचे क्रेडिट मिळणार, म्हणजे पुढच्या जीएसटीतून तो वजा होणार, म्हणून त्यांनी तो हिशेबात धरला नव्हता. तरीही खाली आकडा उरला 1,52,800. ‘‘सरकारच्या पैशांवरही तुमचे कमिशन का?’’ एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. त्यांचे 7,200 रुपये आम्ही परत केले आणि तेव्हापासून टक्केवारी कर वगळून मूळ रकमेवरच लावतो.

दुसरा धडा आम्हाला महागात पडला. आमचा माणूस चार वेळा जाऊन आला की देणेकरी परस्पर मालकांच्या खात्यात पैसे भरत असे आणि मालक म्हणत, ‘‘ते तर आपणहून आले, तुमचे काय त्यात?’’ त्यामुळे फाइल सोपवल्याच्या तारखेनंतर कोणत्याही मार्गाने आलेली रक्कम आमच्या कामात धरली जाईल, असे आता करारात पहिल्याच पानावर लिहिलेले असते. करार करताना काहींच्या कपाळावर आठ्या पडतात, पडू देतो.

सरसकट 20 टक्केही फार काळ टिकले नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या येण्याला 8, वर्षापर्यंत 15 आणि त्यापुढे 25 टक्के असा आमचा आजचा दर आहे, कारण बिल जुने होते तसा खरेदी पाहणारा माणूस बदलतो, चलनावरचा पोचशिक्का सापडत नाही आणि मालात दोष होता अशी तक्रार अचानक उगवते. तीन वर्षे उलटून गेलेले आणि मुदतीत लेखी कबुली न मिळालेले येणे आम्ही घेतच नाही. दावा कधीपर्यंत करता येतो हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्यापुढे तेथे न्यायालयाचा धाक उरत नाही आणि नुसत्या फोनसाठी कमिशन घेणे आम्हाला पटत नाही.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना तर आम्ही आधी 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा, कायदा समजावून सांगतो. करार असला तरी 45 दिवसांपुढे, आणि लेखी करार नसल्यास 15 दिवसांपुढे पैसे अडकवता येत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि दाद याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. हे सांगितल्यामुळे आमच्या काही फायली कमी झाल्या, हे खरे आहे.

2025 च्या मार्चमध्ये तेच अंबडचे कारखानदार 70 दिवसांचे येणे घेऊन आले. फाइल न उघडता आम्ही त्यांना खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाच्या नावे एक पत्र तयार करून दिले : सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे मुदत उलटलेले पैसे 31 मार्चपर्यंत न दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात या वर्षी धरता येणार नाही आणि 180 दिवस उलटल्यास घेतलेले जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावे लागेल. पैसे 28 तारखेला जमा झाले. पत्राच्या टायपिंगचे आम्ही 500 रुपये घेतले.