शास्त्री कॉलेज: वर्गणीतून उभी राहिलेली शाळा

शिक्षकांच्या आणि मित्रांच्या आठवणी या स्मरणिकेत भरपूर असतील. मी फक्त आपली शाळा कोणाच्या पैशाने उभी राहिली ते लिहितो, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानची ही इमारत सरकारने बांधली असा समज आता रूढ होत चाललाय.

हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सरकारांमधल्या 1927 च्या केपटाउन करारात इथल्या हिंदी, म्हणजे भारतीय वंशाच्या, लोकांच्या शिक्षणाची भाषा होती, पण दर्बान ज्यात येते त्या नाताळ प्रांताची तिजोरी काही उघडेना. हिंदुस्थान सरकारचे इथले पहिले एजंट, म्हणजे प्रतिनिधी, व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी मग रोखठोक व्यवहार मांडला: इमारतीचा पैसा हिंदी समाज जमवील, बांधून झाली की ती प्रांताच्या ताब्यात देईल आणि पुढचा पगार-खर्च प्रांताने चालवायचा. वर्गणी अठरा-वीस हजार पौंडांच्या घरात गेली. लोकवर्गणी शास्त्रींना नवी नव्हती. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ते गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. गोखले स्वतः 1912 साली हा देश फिरून गेले होते.

1928 मध्ये पायाभरणी झाली, ऑक्टोबर 1929 मध्ये गव्हर्नर जनरल अर्ल ऑफ अ‍ॅथलोन यांनी उद्घाटन केले आणि 1930 पासून वर्ग भरू लागले. हायस्कूल आणि शिक्षक-प्रशिक्षण एकाच छपराखाली ठेवले, ते योग्यच होते. हिंदी मुलांसाठी उच्च शिक्षणाची सोय नसल्याने हिंदी पदवीधर इथे मिळेनात, आणि पदवीधर शिक्षकांवाचून मॅट्रिकचे वर्ग चालेनात. ही कोंडी फोडायला सुरुवातीचे काही शिक्षक थेट हिंदुस्थानातून आणावे लागले.

1936 पासून अध्यापिका मेबल पामर यांच्या खटपटीने नाताळ युनिव्हर्सिटी कॉलेजचे गोरेतरांसाठीचे वर्ग इथेच भरू लागले. गोऱ्यांना त्याच संस्थेच्या हॉवर्ड कॉलेज या इमारतीत शिकवायचे, तेच व्याख्यान इथे पुन्हा द्यायचे. विद्यार्थ्यांत नोकरी करणारे शिक्षक पुष्कळ, म्हणून वेळ संध्याकाळची आणि शनिवार-रविवारची. दिवसा पोरे बसायची त्याच बाकांवर संध्याकाळी मोठी माणसे पदवीचा अभ्यास करत. सगळ्यांना एकत्र बसवले असते तर दोनदा शिकवणे वाचले असते, पण वर्णभेदाला हिशेब कळत नाही.

शास्त्रींच्या व्यवहारातली उणीव उशिरा दिसली. इमारत दिली, पण कारभारात हक्क काही मागून घेतला नाही. 1965 च्या कायद्याने हिंदी मुलांचे शिक्षण प्रांताकडून काढून केंद्राच्या इंडियन अफेअर्स खात्याकडे दिले. तो कायदा करणाऱ्या संसदेसाठी, वर्गणी देणाऱ्यांच्या नातवंडांना मतदानही करता येत नव्हते.