चेरोकीला ट्रान्समिशन कूलर, पण आधी गेज

गाडी माझी नेहमीचीच. १९९८ ची जीप चेरोकी, चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आयसिन-वॉर्नरचा चार गिअरचा एडब्ल्यू-४ ऑटोमॅटिक आणि एनपी-२३१ ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद देणारी, हाय आणि लो रेंज असलेली पेटी). तीन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन उंचावणं) आणि ३१ इंची टायर चढल्यापासून मला गिअरबॉक्सची काळजी लागून राहिली होती. मूळ टायर साधारण सव्वाअठ्ठावीस इंचांचे. डिफरन्शियलचं गुणोत्तर मात्र ३.५५ तेच राहिलं. हिशेब केला तर गाडी आता ३.२४ च्या गुणोत्तरासारखी ओढते. तेवढा जास्तीचा रेटा इंजिनाला द्यावा लागतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) जास्त घसरतो, आणि जे घसरतं ते सगळं उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरतं.

दक्षिण कॅलिफोर्नियात राहून हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आमचं हक्काचं मैदान म्हणजे मोहावी वाळवंट. आय-१५ महामार्गावरच्या बेकर गावात १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे, १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची (५६.७ सेल्सिअस) आठवण म्हणून. गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही आत, आणि लास व्हेगासच्या दिशेने पुढचा हॅलोरन समिट बाराशे मीटरच्या वर. मध्ये एकसलग चढ. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या रस्त्याकडेला लावलेल्या आहेत. बेकरच्या जवळूनच मोहावी रोड जातो. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेकडे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची ही जुनी वाट, आणि तिच्यात मऊ वाळूचे लांबच लांब पट्टे. घाट आणि वाळू, ऑटोमॅटिकला सर्वांत जास्त तापवणाऱ्या दोन गोष्टी इथे शेजारी शेजारी आहेत.

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचं खोकं घरी येऊन पडलं होतं तरी मी तो लगेच बसवला नाही. आधी ऑइलच्या तापमानाचा गेज, मग त्याच रस्त्यांवर मोजमाप, आणि त्यानंतर कूलर, असा क्रम ठरवला होता. चेरोकीच्या डॅशवर तापमानाचा फक्त कूलंटचाच काटा आहे. तो निवांत मध्यावर असताना गिअरबॉक्सचं ऑइल वार्निशसारखं चिकट होण्याइतकं तापलेलं असू शकतं, आणि ते कळायला दुसरा मार्ग नाही. गेज नसताना कूलर बसवला तर तो पुरतो का, कमी पडतो का, की त्याची गरजच नव्हती, हे कधीच समजत नाही.

सेन्डर (तापमान ओळखून गेजला कळवणारा सेन्सर) कुठे लावायचा यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, म्हणून माझं कारण सविस्तर लिहितो. जागा तीन: ऑइल पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं), कन्व्हर्टरकडून कूलरकडे जाणारी गरम लाइन, आणि कूलरकडून परत येणारी लाइन. पॅनमधला आकडा गिअरबॉक्समधल्या एकूण ऑइलची अवस्था सांगतो, पण सावकाश. परतीच्या लाइनवरचा आकडा कूलरचं काम दाखवतो. गरम लाइन मात्र कन्व्हर्टरमध्ये या क्षणी काय चाललंय ते सांगते, वाळूत पाय दाबला की काही सेकंदांत काटा हलतो. मला चालवताना निर्णय घ्यायला गेज हवा होता, म्हणून गरम लाइन निवडली. तिथला आकडा पॅनपेक्षा बराच वर असतो हे आधीच मनाशी पक्कं करून ठेवा. पॅनच्या आकड्यांसाठी केलेले तक्ते गरम लाइनला लावले तर उगाच घाबरायला होतं.

सेन्डर लाइनमध्ये बसवायला टी आकाराचा जोड लागतो. हे टी-फिटिंग घेताना एक गोष्ट बघा. सेन्डरचं टोक वाहत्या ऑइलमध्ये बुडलं पाहिजे. टीची आडवी शाखा लांब असेल तर टोक कोपऱ्यात साचलेल्या ऑइलमध्ये बसतं आणि काटा खरा आकडा कधीच दाखवत नाही. मी आखूड अंगाचं पितळी टी घेतलं, सेन्डर हाताने बसवून आतून डोकावून पाहिलं आणि मगच घट्ट केलं. सेन्डरचे आटे एक-अष्टमांश इंच एनपीटीचे (अमेरिकी पाइप आट्यांचं माप) आहेत. हे निमुळते असतात, जोर लावत राहिलं तर पितळ चिरतं.

दुसरी गोष्ट अर्थिंग. एका वायरचा सेन्डर आपल्याच अंगातून अर्थ घेतो. टीच्या दोन्ही बाजूंना रबरी होज असेल तर त्याला अर्थ मिळणारच कुठून? म्हणून टीला एक क्लॅम्प लावून तिथून स्वतंत्र वायर थेट इंजिन ब्लॉकवर नेली. या प्रकारच्या सेन्डरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो. अर्थ कच्चा असला की रोध वाढतो, आणि काटा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. गेज चुकायचाच असेल तर निदान जास्त दाखवून चुकावा, हा उलट्या दिशेने चुकतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळली नाही, तिनेही अर्थ कच्चा होऊ शकतो, म्हणून सीलंटचा पातळ हात दिला.

बसवण्याआधी सेन्डर, गेज आणि बॅटरी टेबलावर जोडून सेन्डरचं टोक उकळत्या पाण्यात धरलं. आमचं घर समुद्रसपाटीच्या जवळ आहे, त्यामुळे २१२ अंश फॅरनहाइट यायला हवे होते, काटा २१० च्या रेघेवर थांबला. तेवढं पुरे. पुण्यात किंवा त्याहून उंचावर करणार असाल तर दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरतो, तेवढं वजा धरा.

वायरिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फायरवॉलमधल्या जुन्याच ग्रोमेटमधून वायर आत घेतली, इग्निशनच्या लाइनवर तीन अँपिअरचा फ्यूज, दिव्याची वायर डॅशच्या डिमरवर. गेज डाव्या खांबावर, नजर रस्त्यावरून न हलवता दिसेल असा.

मग कूलरशिवायची मोजणी. सगळे आकडे गरम लाइनचे, फॅरनहाइटमध्ये. सपाट हायवेवर १८५ ते १९०, म्हणजे सेल्सिअसमध्ये ८५ ते ८८. बेकरच्या घाटात, बाहेर शंभर अंशांजवळ हवा असताना, २३०. मोहावी रोडच्या वाळूत टायर १६ पीएसआयवर उतरवून हाय रेंजमध्ये ओढत गेलो तर आकडा २६५ पर्यंत चढला आणि अजून चढायच्या बेतात होता. तिथेच थांबलो, ट्रान्सफर केस लो रेंजला टाकला, पुन्हा तीच वाळू, त्याच वेगाच्या आसपास. काटा २२५ वर येऊन स्थिरावला.

हे चाळीस अंश एक पैसा खर्च न करता मिळाले. एनपी-२३१ ची लो रेंज २.७२ ची आहे. तितक्याच वेगाला इंजिन जवळपास पावणेतीन पट फिरतं, कन्व्हर्टरला कमी घसरावं लागतं. वर पाण्याचा पंप आणि मेकॅनिकल पंखाही जास्त फिरतात. 'गाडी जातेय ना हायमध्ये, मग लो कशाला' असं आपण सगळेच म्हणतो. गाडी जाते खरी, पण काय किमतीवर जाते ते मला गेजने दाखवलं. घाटातही तसंच: लीव्हर डी वरून ३ वर आणला, ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद झाला, आणि आकडा १५ अंशांनी उतरला.

तरी कूलर बसवलाच, कारण घाटात लो रेंज चालत नाही आणि मूळ व्यवस्थेला एक मर्यादा आहे. कारखान्यातून आलेला कूलर रेडिएटरच्या टाकीत असतो. ऑइल आजूबाजूच्या कूलंटपेक्षा थंड होऊ शकत नाही. घाटात इंजिन स्वतः तापलेलं असतं, तेव्हा त्याच्याकडून जास्त मदत मागता येत नाही. टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची जादा सामग्री) घेतलेल्या चेरोकींना कंपनी बाहेरचा जादा कूलर देत असे, माझ्या गाडीला ते पॅकेज नव्हतं.

मी घेतला तो थर लावलेल्या प्लेटांचा आहे. नळी-पाखांचा स्वस्त कूलर तितक्याच जागेत पुष्कळ कमी उष्णता टाकतो, आणि आपल्या जाळीमागे जागा मोजकीच. ऑइल आधी रेडिएटरमधून, मग कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सला परत, असा क्रम ठेवला. काही जण रेडिएटर पूर्ण वगळतात, कारण आतली नळी फुटली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि गिअरबॉक्स संपतो. भीती रास्त आहे. माझा रेडिएटर नवा आहे आणि हिवाळ्यात वाळवंटातली पहाट गोठणबिंदूजवळ जाते. तेव्हा ऑइल लवकर कामाच्या तापमानाला यायला हवं, म्हणून रेडिएटर ठेवला.

कूलरबरोबर प्लास्टिकचे बंद येतात, एसीच्या कंडेन्सरच्या पाखांतून आरपार ओवायचे. ते मी वापरले नाहीत. ऑफ-रोडच्या हादऱ्यांनी ते पाखं घासत राहतात, आणि एक दिवस एसीचा गॅस जातो. त्याऐवजी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून वर-खाली चौकटीला बोल्ट केल्या, प्रत्येक बोल्टखाली रबरी वायसर. कंडेन्सर आणि कूलर यांच्यात बोटभर फट. जागा इलेक्ट्रिक पंख्यासमोरची, म्हणजे मुंगीच्या गतीने दगड चढतानाही हवा ओढली जाईल. तोंडं वरच्या बाजूला ठेवली, खाली ठेवली तर हवा आत अडकून राहते.

होज ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच, एसएई जे१५३२ छाप असलेला. पेट्रोलचा किंवा हीटरचा होज सारखाच दिसतो, पण गरम ऑइलपुढे टिकत नाही. परतीची लोखंडी लाइन कापली, कानशीने कडा साफ केल्या आणि फ्लेअर टूलच्या (नळीचं तोंड फुलवायचं अवजार) पहिल्या टप्प्याने टोकाला बारीक उंचवटा काढला. उंचवट्याशिवाय क्लॅम्प कितीही आवळा, दाबाखाली होज निसटू शकतो. क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचे, खाचांचे नाहीत.

मग प्रवाहाची तपासणी, जी बहुतेक जण टाळतात. परतीचा होज मापाच्या बाटलीत सोडला, मुलीला किल्लीवर बसवलं, इंजिन आयडलवर. वीस सेकंदांत सुमारे एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, यायला हवं. तेवढं आलं. कमी आलं असतं तर लाइन कुठेतरी चेपलेली किंवा कूलर तुंबलेला. बाटलीत काढलेलं आणि कूलर-होजमध्ये मावलेलं, दोन्ही मिळून डेक्स्रॉन थ्री दर्जाचं ऑइल वरून भरलं, आणि पातळी गाडी चालवून तापल्यावर, इंजिन चालू ठेवून डिपस्टिकवर पाहिली.

नंतरचे आकडे, तीच गरम लाइन: हायवे १७५, बेकरचा घाट २०५, वाळू हाय रेंजमध्ये २३५, लो रेंजमध्ये २००. मुख्य म्हणजे वाळूतून बाहेर पडल्यावर काटा पूर्वीपेक्षा निम्म्या वेळात खाली येतो. खनिज ऑइलबद्दल जुना ठोकताळा असा की १७५ च्या वर दर वीस अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. तो पॅनच्या तापमानाचा आहे, त्यामुळे माझ्या आकड्यांना जसाच्या तसा लावत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

महाराष्ट्रातून ऑटोमॅटिक थारवाले विचारतात की हे त्यांच्या गाडीत होईल का. २०२० च्या थारचा सहा गिअरचा ऑटोमॅटिकही आयसिनचाच, पण लाइन, ऑइल आणि वॉरंटी सगळं वेगळं. वॉरंटीत असाल तर लाइन कापू नका. वाळूत आणि चिखलात लो रेंज लवकर टाका, आणि ऑइलचं तापमान ओबीडी पोर्टवर (गाडीच्या संगणकाचे आकडे वाचायचं सॉकेट) वाचता येतं का ते बघा. तेवढ्याने निम्मं काम होतं.

पुढचं काम पॅनमध्ये दुसरा सेन्डर. एडब्ल्यू-४ च्या पॅनचा पत्रा पातळ आहे, सेन्डरसाठी आट्यांचं फिटिंग वेल्ड करायचं म्हणजे पॅन खाली उतरवावाच लागेल, तेव्हा फिल्टरही बदलून घेईन. गेज एकच राहील, दोन सेन्डरमध्ये टॉगल स्विच. पॅन आणि गरम लाइन यांतला फरक वाळूत नेमका किती असतो ते मोजून लिहितो.